वेर्टहाइमला लागलेली झोप

त्सिटाउ, ८ जुलै १९९६

ती. रोस्विताताईस,
धाकट्या लोरेचा शि. सा. न. वि. वि.

परवा तुझा फोन ठेवल्यावर आई काय म्हणाली ते आधी कळवते. गाडीचा क्लच गेला, सुटा भाग यायला दोन आठवडे लागणार, तोवर वेर्टहाइमला नदीकाठच्या कॅम्पिंगच्या तळावरच मुक्काम, हे सगळं तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, जावईबापूंनी हौसेने चाकांवरचं घर घेतलं आणि पहिल्याच फेरीत त्याचं नुसतं घर झालं. स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की ठसका लागला आणि मला पाणी पाजावं लागलं. भाऊजींना म्हणावं, रागावू नका. बस चालवण्यात उभा जन्म गेला त्यांचा, एवढा टोमणा सोसतील.

फोनवर मोकळं बोलता येत नाही म्हणून लिहिते. फोन तिच्या उशाशी. अर्धांगाने डावी बाजू गेली तरी कान दोन्ही शाबूत आहेत. नऊ वर्षं तिच्याजवळ काढलेल्या बाईला हे मी रोस्टॉकहून येऊन सांगावं म्हणजे कमालच.

इथे सगळं ठीक आहे. तू स्वयंपाकघरात चिकटवलेली यादी वाचून पहिल्या दिवशी मला हसू आलं. अकरा पानं, ताई! उशी किती बोटं तिरकी ठेवायची, हेसुद्धा? मी एका कागदावर वेळापत्रक केलंय. सातला अंग पुसणं, आठला नर्सबाई सुई टोचून जातात, बाराला जेवण, साडेतीनला कॉफी. मधे काही लागलं तर उजव्या हाताशी घंटा ठेवली आहे, पण ती तासातून एकदाच वाजवायची असा करार झालाय. बंदरावरच्या कचेरीत मी चाळीस खलाशांना रांगेत उभं करते, एक म्हातारी काय जड!

राग मानू नकोस, पण मनातलं सांगते. तू तिला लाडावून ठेवलंस. ती हूं म्हणायच्या आत तू उभी. अशाने माणूस झिजतं. स्टेशनवर मला घ्यायला आलीस तेव्हा क्षणभर मी तुला ओळखलं नाही, आणि जी ओळखू आली ती आपली आजी वाटली. पाच आठवड्यांची रजा काढून आलेय ती काही तू तळावर बसून आईची काळजी करावीस म्हणून नाही. झोप काढ. गाव बघ. भाऊजींबरोबर भांड, त्यालाही बरेच दिवसांत वेळ मिळाला नसेल.

माझ्यावर लोभ आहेच. या मुक्कामात त्यातला थोडा स्वतःवरही करावा, ही विनंती.

तुझी,
लोरे

•

वेर्टहाइम, १२ जुलै १९९६

चि. लोरेस,
ताईचे अनेक आ.

तुझं पत्र आलं. व्होल्कमारने आईचा टोमणा दोनदा वाचून घेतला आणि शेजारच्या हॉलंडच्या जोडप्यालाही ऐकवला. तो मजेत आहे. सकाळी टाक्यांत पाणी भरतो, मैल्याची पेटी रिकामी करून येतो, मग दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली आडवा असतो. मला मात्र इथे हातांचं काय करावं कळत नाही. पहाटे पाचला दचकून उठते. हाक ऐकू येते. ती नदीवरची बदकं असतात.

काल तो मेकॅनिककडे गेला, म्हणून मी एकटीच गावात गेले. नुसतं हिंडायचं, काही आणायचं नाही, काही उरकायचं नाही, असा दिवस मला शेवटचा कधी मिळाला आठवत नाही. लहान नदीवरचा पूल ओलांडला. पलीकडे एक कलता बुरूज आहे, त्याच्याखालून जाताना मान आपोआप तिरकी होते. गल्ल्या अरुंद, घरं लाल दगडाची. कोपऱ्यावरच्या एका घरावर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, एकावर एक, काही माझ्या डोक्याच्याही वर. त्या घरातली बाई खालच्या खिडकीत निवांत वाटाणे सोलत बसली होती.

बरंच चालल्यावर लक्षात आलं, मी गल्लीच्या मधून चालतच नव्हते. भिंतीला घासून चालले होते, चाकांच्या खुर्चीला वाट ठेवून. चौकात बसून कॉफी आणि आलुबुखाराचा केक मागवला, आणि सुरीने त्याचे बारीक बारीक तुकडे केले. सगळे करून झाल्यावर कळलं की भरवायला समोर कुणी नाही. इकडेतिकडे बघितलं आणि पटापट खाऊन टाकले.

मग किल्ल्याकडे निघाले. निम्म्या चढावर पाय म्हणाले, आता पुरे. मी त्यांचं ऐकलं आणि परत खाली येऊन मोठ्या चर्चमध्ये शिरले, गारव्याला. तिथे पुढच्या भागात एका सरदाराची आणि त्याच्या बायकोची कबर आहे. दगडाचा पलंग, चार खांब, वर छत, आणि दोघं शेजारी शेजारी पाठीवर निजलेली. गावातले लोक त्याला बाजच म्हणतात. लोरे, लोक तिथे हात जोडत होते, फोटो काढत होते, आणि मला त्या बाईचा हेवा वाटला. चारशे वर्षं तिला कुणी उठवलेलं नाही. त्यांच्यासमोरच्या बाकावर टेकले. अकरा वाजले होते.

कुणीतरी खांद्याला हात लावला. मी ताडकन उठले आणि म्हणाले, आले गं, भांडं आणते. समोर चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. दोन वाजून गेले होते. जेवणाच्या सुट्टीत दार बंद करायचं असतं, पण मला उठवायचा तिला धीर झाला नाही, म्हणून ती तीन तास दाराशी विणत बसून राहिली. तिने भांड्याचं काही विचारलं नाही. बेकरी आता बंद झाली असेल म्हणाली, आणि आपल्या पावाचा अर्धा भाग, सॉसेज लावलेला, माझ्या हातात दिला. मी उभ्या उभ्या खाल्ला.

बाहेर व्होल्कमार पुलावर सापडला. घामाने निथळत होता. बाराला भेटायचं ठरलं होतं, मी दिसले नाही तेव्हा त्याने गाव पालथं घातलं. रागावेल वाटलं, पण त्याने नुसती माझी पर्स आपल्या हातात घेतली. तळावर आल्यावर बोलता बोलता निघून गेलं त्याच्या तोंडून. त्याने बाजार नंतर बघितला. आधी नदीकाठ बघितला होता.

माझा नवरा मला शोधायला आधी नदीवर गेला, लोरे. तेव्हापासून मी हे पत्र मनात लिहिते आहे.

फेब्रुवारीतलं एक तुला सांगायचं राहिलंय. कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी दुपारी तिसऱ्यांदा चादर बदलून झाली होती आणि मी टेकले तोच हाक आली. मी गेले नाही. तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर जिन्यावर बसले. ती हाका मारत होती. पाऊण तास मारत असेल. मग थांबली. मी तरी गेले नाही, आणखी अर्धा तास बसून राहिले. आत गेले तेव्हा ती ओल्यात पडलेली, हात बर्फासारखे, डोळे मिटलेले. मला वाटलं, संपलं. आणि लोरे, माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं.

मी आता परत त्या खोलीत जाऊ शकत नाही. त्सिटाउला येईन, घरी येईन, पण ती खोली नको. वृद्धाश्रमात टाकणार नाही असा शब्द मी आईला दिलाय, तू होतीस तिथे. शब्द मोडावा तर ती मरेल, पाळावा तर मी. काय करू ते सांग. पत्र वाचून लगेच फाडून टाक.

थकल्या बहिणीला पदरात घे. तेवढंच मागणं.

तुझी,
ताई

•

त्सिटाउ, १७ जुलै १९९६

ती. ताईस,
लोरेचा सा. न. वि. वि.

आधी माफी मागते, मग कशाची ते सांगते.

माझं वेळापत्रक मागचं पत्र टाकल्यावर चौथ्या दिवशी निकालात निघालं. घंटा तिने बटाट्याच्या सुपात बुडवली आणि म्हणाली, शिजली की सांग. माझी कंबर धरली आहे. रविवारी तिला उचलताना आम्ही दोघी पलंगावर आडव्या झालो आणि वीस मिनिटं तशाच पडून राहिलो, कारण दोघींनाही उठता येईना. तुझी अकरा पानं मी आता रोज वाचते. उशी खरंच तीन बोटंच तिरकी ठेवावी लागते. लाडावल्याचं जे लिहिलं ते मागे घेते.

आता माफी कशाची ते. सोमवारी तिने खिडकीतून टपालवाल्याला पाहिलं आणि तुझं पत्र वाचून दाखव म्हणाली. मी बदकं वाचली, बुरूज वाचला, केक वाचला, आणि घडी घातली. तिने विचारलं, पानं किती? मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, तू पाच उलटलीस, माझा हात गेलाय, मोजणी नाही.

मी खोटं बोलू शकले असते, ताई. शाई सांडली म्हणता आलं असतं. पण मी दमले होते, आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात तिने ते ऐकावं असंच होतं. म्हणून वाचलं. सगळं. नदी, जिना, ओली चादर, आणि तुझ्या मनात पहिलं काय आलं नाही तेही. एकही शब्द गाळला नाही.

तिने मला भिंतीकडे कूस बदलून द्यायला सांगितलं. संध्याकाळी चक्का, उकडलेले बटाटे आणि जवसाचं तेल पुढे ठेवलं. तू जाणतेस, त्यावर ती कधी नाही म्हणत नाही. तिने ताट सरकवलं. काल दिवसभर बोलली नाही. आज सकाळी नर्सबाईंना म्हणाली, या पोरीला खाली पाठवा, मला तुमच्याशी बोलायचंय. मी फाटकापाशी अर्धा तास उभी होते. काय बोलणं झालं ते दोघीही सांगत नाहीत.

शब्दाचं म्हणशील, तर तो तू दिलास तेव्हा मी दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून बाहेरची झाडं मोजत होते. तिने तुझा हात धरला होता, माझा नाही, म्हणून मी नऊ वर्षं सुटले. दर नाताळाला केक घेऊन आले आणि तुझे दोष काढून परत गेले. हे तुला तोंडावर सांगायचं धैर्य नव्हतं. लिहायला बरं पडलं.

पत्र मी फाडलेलं नाही. ते आईने उशीखाली ठेवलंय, मागितलं तरी देत नाही.

मला फार वाईट समजू नकोस. समजलीस तरी बहीण म्हणून ठेव.

तुझी,
लोरे

•

त्सिटाउ, २० जुलै १९९६

चि. सौ. रोस्विता हीस,
आईचे आशीर्वाद.

सांगते मी आहे, लिहिते लोरे आहे. तिला ताकीद दिली आहे, एक शब्द गाळायचा नाही. तिला ती खोड आहे.

तुझं पत्र ऐकून मला राग आला. अजून आहे. आईबद्दल असं लिहितात का? पण राग येऊन काय करू, एका हाताने आदळआपटही धड होत नाही.

फेब्रुवारीचं मला ठाऊक होतं. तू जिन्यावर आहेस हेही ठाऊक होतं. तू खाली गेली असतीस तर पायरी करकरली असती, ती करकरली नाही. पहिल्यांदा मी रागाने हाका मारल्या. मग भीतीने. मग दाराआडून तुझा श्वास ऐकू आला, कसा ते सांगत नाही. तेव्हा मी गप्प झाले. तुला वाटलं मी झोपले किंवा गेले. तसलं काही नाही. म्हटलं, बसू दे पोरीला. तू आत आलीस तेव्हा डोळे मिटून घेतले, कारण तुझ्याकडे बघायची लाज वाटली. माझी मला. तुझी नाही.

तुमच्या आजीचं, म्हणजे माझ्या सासूचं, मी पाच वर्षं केलं. शेवटच्या वर्षी रोज चर्चमध्ये जाऊन ती लवकर जावी अशी प्रार्थना केली, आणि गेली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच रडले. हे लिहायला लोरे तयार नव्हती. लिही म्हटलं. तुमच्या बाबांनाही कधी माहीत नव्हतं.

हे सगळं माहीत असून मी तुझ्याकडून शब्द घेतला. कारण मी भ्याले होते. मरणाला नाही, परक्या हातांना. आता नऊ वर्षं तू केलंस, तीन आठवडे लोरेने. तिचे हात तर परक्यांहून वाईट. साबण डोळ्यात घालते.

तो शब्द मी तुला परत करते. नर्सबाईंनी वशिला लावला. काल मला गाडीत घालून तो वृद्धाश्रम दाखवून आणला. सूप पाणचट आहे. खिडकीतून डोंगरात जाणारी छोटी आगगाडी दिसते, तेवढं बरं. खोलीत दुसरी एक बाई आहे, फ्राउ त्शिर्नर म्हणून. ठार बहिरी. म्हणजे माझ्या घोरण्याची तक्रार नाही. सोमवारी मला नेतील. तू धावत यायचं नाहीस. मी देवमाणूस झाले असंही समजू नकोस. मला तिथे जायचं नाही, मला भीती वाटते, आणि मी जाणार आहे. तीनही खरं आहे.

गाडी दुरुस्त झाली की जावईबापूंना म्हणावं, पुढे न्या. जेवढी सुट्टी ठरली आहे तेवढी पुरी करायची. आणि नदीच्या कडेने चालू नकोस, आतल्या बाजूने चालत जा.

लोरे रडते आहे. अक्षर फिसकटलं असेल तर तिचा दोष.

आणखी काय लिहू. माया कमी झालेली नाही, असं समजून असावे.

तुझी,
आई

•

त्सिटाउ, ११ ऑगस्ट १९९६

चि. लोरेस,
ताईचे अ. उ. आ.

तू रोस्टॉकला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. कंबरेला शेक देत जा.

आईचं पत्र आलं त्या दिवशी मी बॅग भरली होती. पहिल्या गाडीने निघणार होते. व्होल्कमारने अडवलं नाही, स्टेशनापर्यंत बॅग घेऊन आला आणि फलाटावर एवढंच म्हणाला, की तिने आयुष्यात पहिल्यांदा तुला काही दिलं असेल तर ते तिच्या तोंडावर फेकू नकोस. गाडी आली आणि गेली. आम्ही दोघं बाकावर बसून होतो. मग बॅग घेऊन परत तळावर आलो. त्यानंतरचे दोन आठवडे मी जिथे टेकले तिथे झोपले. किती गावं झाली ते त्याला विचार, मला धड सांगता येणार नाही.

काल आलो. घरी बूट न काढताच मी आश्रमात गेले. मनात सगळी वाक्यं जुळवली होती, क्षमेची, आभाराची. रस्ताभर पाठ करत होते. आई मोठ्या खोलीत तिघींबरोबर पत्ते खेळत होती. पानं लाकडी पट्टीच्या खाचेत उभी केलेली, उजव्या हाताने उचलायला सोपं म्हणून. तिने वर पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाली, डाव चालू आहे, चार वाजता ये. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बाहेर आवारात जाऊन बसले. राग आला, हसू आलं, मग नुसतंच बसले.

चार वाजता तिला खोलीत आणलं. ती बारीक झाली आहे, लोरे. स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली, नखं वाढलेली. माझे हात आपोआप पुढे झाले आणि तिने ते पाहिलं. मी नखं कापली, बटणं तशीच राहू दिली. तिने तासभर तक्रारी केल्या. सूप, उशी, रात्रपाळीच्या बाईचे गार हात, फ्राउ त्शिर्नर बिस्किटं पळवते. पहिले चार दिवस आपण कुणाशी बोललो नाही, हेही सांगितलं, भिंतीकडे बघत. पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही मला बोलता आलं नाही. तिनेही पत्राचं काही काढलं नाही. फक्त मधेच माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, नीट बघितला, आणि सोडला.

जेवणाची घंटा झाली तेव्हा मी वाडगा आणायला उठले. तिने मला थांबवलं. म्हणाली, जेवणाच्या वेळी पाहुण्यांनी रेंगाळू नये, इथे शिस्त आहे.

पाहुणी म्हणाली मला. त्याचं दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, ते मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. मी खुर्ची जागेवर ठेवली, पर्स घेतली, आणि पाहुणीनेच विचारावं तसं विचारलं, की उद्या कधी आलेलं चालेल. ती म्हणाली, चारला. तीनला पत्ते असतात.

नाताळाला ये. केक आणू नकोस, नुसती ये. लोभ आटू देऊ नकोस, एवढं लिहून पुरे करते.

तुझी,
ताई